डब्यात वाजलेला फोन

मंदा गेल्याचा फोन आला तो तिच्या आईचाच. "गण्या, मंदा गेली रं," काकी म्हणाल्या, आणि मी मूर्खासारखं विचारलं, "कोण मंदा?" शाळेपासूनची मैत्रीण, भिसेगावातल्या आमच्या दोन टेबलांच्या ऑफिसातली भागीदार, आणि मी विचारतोय कोण! खरं सांगायचं तर काकींना ही बातमी कशी सांगायची याचीच तयारी मी कित्येक आठवडे करत होतो. काकीच मला सांगतील, हे त्या तयारीत कुठे बसतच नव्हतं...

आम्ही कर्जत-खालापूरकडच्या फार्महाऊसवाल्यांना वेबसाइट करून द्यायचो. म्हणजे मंदा करायची आणि मी बिघडवायचो. एका मालकाच्या पानावर प्रत्येक खोलीचं एक कार्ड होतं. कार्डावर कुठेही क्लिक केलं की बुकिंग उघडायचं. त्याच कार्डात मी हौसेनं 'फोटो बघा' असं छोटं बटण बसवलं. झालं! लोक फोटोसाठी बटण दाबायचे आणि फोटोसोबत बुकिंगही अंगावर यायचं. बटणावरचा क्लिक कार्डापर्यंत पोचतोच कसा, मला कळेना. मग नेटवर क्लिकला जागच्या जागी अडवणारी एक ओळ सापडली, ती मी दिसेल त्या बटणावर ठोकली. दुसऱ्याच दिवशी मालकाचा फोन. "ओ शेठ, तुमचं तारखांचं कॅलेंडर उघडतंय, पण मिटतच नाय! गिऱ्हाईकानं खोली बघायची का कॅलेंडर?" बाहेर कुठेही क्लिक झालं की कॅलेंडर मिटवायचं, हे काम मंदानं अख्ख्या पानाकडे सोपवलेलं. आणि पानभर पसरलेली माझी बटणं एकही क्लिक पानापर्यंत जाऊ देत नव्हती.

मंदा चिडली नाही. तिनं स्वतःचा मोबाइल माझ्या जेवणाच्या रिकाम्या डब्यात टाकला, डबा पिशवीत, पिशवी कपाटात, आणि दार लावून म्हणाली, "आता मला फोन लाव." लावला. "कुठं वाजतोय?"

"डब्यात."

"मग तुला इथं कसा ऐकू येतोय?" तिनं कपाट उघडलं. "क्लिकचंही असंच असतं रं. आधी बटणाला कळतं, मग बटण ज्यात आहे त्या कार्डाला, मग पानाला. बुडबुड्यासारखा वर वर येतो. तू त्याचं तोंडच दाबलंस. येऊ दे त्याला वर. कार्डानं एवढंच बघायचं, क्लिक मुळात कुठं झाला. फोटोच्या बटणावर झाला असेल, तर ऐकून गप्प बसायचं." माझी सगळी ठिगळं काढून तिनं तसंच लिहिलं, आणि पान सुतासारखं सरळ झालं. तिच्या मोबाइलला मात्र पुढे बरेच दिवस सुकटीचा वास येत होता. "गिऱ्हाईकाशी बोलताना भूक लागते मेल्या," म्हणायची.

मग भूकच गेली. पोटाचा कॅन्सर निघाला. तिचे वडील याच दुखण्यानं गेलेले. "तुला सांगतेय म्हणजे अख्ख्या कर्जतला सांगितल्यासारखंच आहे," ती म्हणाली, "पण आईला कळता कामा नये. दुसऱ्यांदा तेच बघायला लागेल तिला." माझ्या पोटात काही राहत नाही, ही माझी ख्याती. पण हे मी ठेवलं. मुंबईला उपचारांना जायचो ते 'गिऱ्हाइकाकडे' म्हणून. पुढे ती कोंडाणे गावातल्या आईच्या घरीच पडून राहू लागली, तेव्हा काकींना थापा मारायचं काम माझ्याकडे आलं. एकदा पित्त सांगितलं, एकदा मणका.

"काल तर पित्त म्हनलास," काकी.

"पित्तच. मणक्यात उतरलंय." आतल्या खोलीतून मंदाचं हसणं ऐकू आलं. बऱ्याच दिवसांनी.

दिवसकार्य उरकल्यावर एका संध्याकाळी कोंडाण्याला गेलो. काकींसमोर सगळं ओकून टाकायचं ठरवूनच गेलो होतो. तोंड उघडलं तोच त्या म्हणाल्या, "मला म्हाईत व्हतं रं."

"कधीपासून?"

"ती डाक्टरकडं जायच्या आदीपासून. तिचा बाप बी असाच पुढ्यातला भात चिवडत बसायचा."

"मग बोलला का नाहीत?"

"बोलून काय करू? आईला कळलं नाय, येवड्या एका गोष्टीचा धीर व्हता तिला. तो बी काढून घेऊ?" पदराच्या टोकाशी त्यांची बोटं चाळा करत राहिली... "गण्या, खरं सांग. मला म्हाईत व्हतं, ते तिला कळलं नाय ना?"

"नाही काकी," मी म्हणालो. हे खरं की आणखी एक थाप, मला आजही सांगता येणार नाही. मंदा हुशार होती.

काकींनी मान हलवली आणि उठून आतल्या खोलीत गेल्या. तिथे फळीवर मंदाचा लॅपटॉप होता. त्यांनी सवयीच्या हातानं वायर खोचली, बटण दाबलं, बारीक दिवा लागल्याची खात्री केली. मी दारातून बघतोय हे त्यांच्या लक्षात आलं.

"रोज लावते," त्या म्हणाल्या. "ब्याटरी पार उतरू द्यायची नाय, म्हनायची ती."