एका हाताने उचलला जाणारा ट्रेलर

माझी मैत्रीण ट्रेलर घेतेय हे मला कळलं तेव्हा मी तिच्याच स्वयंपाकघरात उभी राहून तिच्याच हातचं थालीपीठ खात होते. ट्रेलर म्हणजे गाडीच्या मागे जोडायचं छोटं घर. आत दोघांना झोपण्यापुरती गादी, दोन खिडक्या, आणि मागचं झाकण वर उचललं की स्वयंपाकाचा ओटा. "इथेच झोटवाड्यात एक जण बनवून देतोय," ती तव्यावर तेल सोडत म्हणाली, "तू दाखवला होतास ना, अगदी तस्साच!" मी हातातला घास ताटलीत परत ठेवला.

कारण तो ट्रेलर माझा होता. म्हणजे नव्हता, पण होता. नवऱ्याची बँकेतली नोकरी, त्यामुळे अकरा गावं झाली. दर बदलीला ट्रक यायचा, त्याच त्या पेट्या निघायच्या, आणि नव्या घरात गेलं की पहिली गोष्ट कळायची ती ही, की जुने पडदे नव्या खिडक्यांना बसत नाहीत. कधी वीतभर आखूड, कधी जमिनीवर लोळणारे. मी प्रत्येक गावी मिळेल त्या कॉलेजात फिजिक्स शिकवलं आणि प्रत्येक गावी पडदे शिवले. जयपूरला शेवटची बदली झाली, इथेच निवृत्त झालो, फ्लॅट घेतला. आणि मग मला हे वेड लागलं. असं घर, जे आपल्याबरोबर येतं आणि ज्याच्या खिडक्या बदलत नाहीत.

जगभरातल्या हलक्या ट्रेलरांची माहिती वाचायची, हा माझा दुपारचा उद्योग. बायका सिरियली बघतात, मी वजनं बघायचे. रिकामं वजन किती, भरून जास्तीत जास्त किती चालेल, पुढचा दांडा गाडीच्या हुकावर किती भार टाकतो. नवरा पेपर वाचत असला की मी सांगायचे, "अहो, हा बघा, फक्त तीनशे ऐंशी किलो! आपली गाडी आरामात ओढेल." ते पेपरातून मान वर न करता म्हणायचे, "वा." कधी म्हणायचे, "जन्मभर सामान हलवलं, अजून हौस फिटली नाही का तुझी?" मी गप्प बसायचे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा नवा आकडा सांगायचे.

त्याच आकड्यांवरून मी एक ट्रेलर बेतला होता. प्लायवूड आणि ॲल्युमिनियमचा, रिकामा तीनशे ऐंशी किलो, भरलेला पाचशेच्या आत. तो मी एका दुपारी हौसेने मैत्रिणीला कागदावर काढून दाखवला. ती म्हणाली, "मोबाइलवर फोटो काढू का गं?" मी म्हटलं, काढ. कर्म माझं!

बरं, ही बाई जयपूर सोडून कधी कुठे राहिलेली नाही. लग्न होऊन आली ती या घरात. वर घर, खाली तिची रक्त-लघवी तपासायची लॅब. नवरा डॉक्टर, त्यांचा दवाखाना पलीकडच्या गल्लीत. तीस वर्षं जिने चढण्या-उतरण्याएवढाच हिचा प्रवास. हिला चाकावरचं घर कशाला हवं? माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. पण तोंडाने मी म्हटलं, "छान! मस्तच!" आणि आणखी एक थालीपीठ मागून घेतलं.

ट्रेलर तयार झाला तेव्हा पूजेला आम्ही दोघं गेलो. फाटकाजवळ तो उभा होता. पांढराशुभ्र, कडेने निळी पट्टी. आणि खिडक्यांना सांगानेरचे छापील पडदे, अगदी मापात शिवलेले. ते पडदे बघून तर मला रडूच येईल असं वाटलं. मी पटकन मागच्या बाजूला गेले, म्हटलं निदान काहीतरी चुकलेलं सापडू दे.

सापडलं. माझ्या चित्रात प्लायवूडचा ओटा होता, तिथे हिने ग्रॅनाइट बसवलं होतं. "प्लायवर कणीक कशी तिंबायची गं?" ती म्हणाली. आणि ओट्याच्या शेजारी, मागच्या कोपऱ्यात, संगमरवरी देव्हारा! आपल्या जयपूरला संगमरवराची काय कमी. घुमट, कमान, दोन्ही बाजूंना हत्ती, सगळं साग्रसंगीत. "हा ईशान्य कोपरा आहे," ती म्हणाली. "वास्तुवाले पंडितजी येऊन बघून गेले."

"अगं, गाडी वळली की ईशान्य कुठे राहते?"

"पण उभी आपल्याच दारात राहणार ना, मतलब, तेव्हा तर ईशान्यच." कपाळ!

नारळ फुटला, पेढे वाटले, आणि मग डॉक्टर पुढे झाले. त्यांनी ट्रेलरचा पुढचा दांडा, गाडीला जोडायचा तो, एका हाताने धरला आणि सहज वर उचलला. "बघा वहिनी! किती हलका! एका हाताने उचलला जातो." आमच्या मराठी मंडळातल्या सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. आमच्या ह्यांनी सर्वांत जोरात वाजवल्या. मग ह्यांनीही उचलून पाहिला. म्हणाले, "कमाल आहे! फुलासारखा!" माझ्या ट्रेलरला 'वा' आणि हिच्या ट्रेलरला 'कमाल'. मनात म्हटलं, घरी चला, मग सांगते.

पण त्याच क्षणी मला खरा प्रकार दिसलाही होता. ट्रेलर हलका नव्हता. तो मागे जड होता, म्हणून पुढचं टोक उचललं जात होतं. मध्ये चाकं, मागे दगडाचा ओटा आणि दगडाचा देव. ट्रेलरच्या एकूण वजनाचा दहावा हिस्सा तरी पुढच्या दांड्याने गाडीवर दाबला पाहिजे. तो दाब नसेल तर हमरस्त्यावर वेग घेतला की मागचा भाग डावी-उजवीकडे झुलायला लागतो, झोका वाढत जातो, आणि शेवटी ट्रेलर गाडीला घेऊन आडवा होतो. मी तिथेच म्हटलं, "डॉक्टर, हा मागे फार जड झालाय. असा नेऊ नका." मैत्रीण हसली. म्हणाली, "हिला ना, दुसऱ्याच्या घरातलं काही आवडतच नाही!" सगळे हसले.

परत येताना गाडीत हे म्हणाले, "एवढं जळू नये गं. बरं दिसत नाही." आणि वर सांगितलं, की रविवारी डॉक्टर आणि ती ट्रेलर घेऊन दिवसभरासाठी जयपूरबाहेर कानोत्याच्या धरणावर जाणार आहेत. डॉक्टरांना हायवेला सोबत हवी म्हणून हेही त्याच गाडीत बसणार. "तूही चल की." मी म्हटलं, माझं डोकं दुखतंय. रविवारी दुखेल, असं आजच सांगून टाकलं.

त्या आठवड्यात मला काही सुचेना. मी खरंच बघतेय, की जळतेय म्हणून मला तसं दिसतंय? मीच मला विचारत होते. जळत होते हे तर खरंच. रात्रंदिवस त्या पडद्यांवर डोळा होता माझा. पण म्हणून फिजिक्स खोटं कसं ठरेल? आणि खोटं नसेल तर नवरा, मैत्रीण आणि तिचा नवरा अशी तीन माणसं हायवेवर उलटतील. ते कळत असताना मी डोकं दुखतंय म्हणून पांघरूण घेऊन झोपू?

रविवारी सकाळी हे निघून गेल्यावर मी बाथरूममधला वजनकाटा कापडी पिशवीत घातला आणि रिक्षा करून मैत्रिणीकडे गेले. ती मागचं झाकण उघडून सामान भरत होती. पितळी कढई, लोणच्याची बरणी, पाण्याचे दोन मोठे कॅन, सगळं मागेच. डॉक्टर टायरची हवा बघत होते. मला पिशवीसकट बघून हे ओशाळले. "झालं डोकं बरं?"

 मी काटा जमिनीवर ठेवला, वर लाकडाचा ठोकळा ठेवला आणि डॉक्टरांना म्हटलं, दांडा यावर टेकवा. त्यांनी टेकवला. काट्यावर आलं, नऊ किलो.

"नऊ!" डॉक्टर खूश झाले. "बघा, मी म्हणत नव्हतो हलका आहे?"

"अहो, तो पन्नासच्या आसपास हवा!" मी ओरडलेच. "हलका म्हणजे हा भाग हलका नव्हे हो. मागे देव्हारा, ओटा, आता पाणीही मागेच. अजून चार डबे भरा आणि बघा, दांडा आपोआप वर जाईल."

आता मैत्रीण भडकली. हातातली बरणी खाली ठेवून ती तरातरा पुढे आली. "बस झालं हं! पूजेच्या दिवशी सगळ्यांसमोर अपशकुन केलास, मी हसून घालवलं. आज काटा घेऊन आलीस? तुझ्या पोटात दुखतंय ते सरळ सांग ना!"

"सांगते," मी म्हटलं. आणि मी त्या दांड्यावर बसले. साठी उलटलेली बाई, चांगली साडी नेसलेली, रस्त्यात ट्रेलरच्या दांड्यावर. "जळते मी. सरळ सांगते. तू बातमी दिलीस त्या दिवसापासून जळतेय. हा माझा होता. तुझे हे पडदे ओरबाडून घरी न्यावेत असं वाटतं मला. झालं समाधान? आणि आता दुसरं ऐक. मी जळत नसते ना, तरीही हा उलटला असता. मला तुम्ही तिघं जिवंत परत यायला हवे आहात, म्हणजे मला आणखी जळता येईल. देव्हारा काढल्याशिवाय मी इथून उठणार नाही."

 मैत्रिणीचे डोळे भरून आले, पण रागानेच. "तुझ्या तोंडून अकरा गावांच्या गोष्टी ऐकून ऐकून माझे कान किटले," ती म्हणाली. "मी कुठे गेले गं? या जिन्यावर गेलं माझं आयुष्य. म्हणून बनवला. तुझाच बनवला, हो. दुसरं मला काय माहीत होतं?"

मला वाटलं होतं, हिला कसलीच कमी नाही. तीस वर्षं एकाच खिडकीला एकाच मापाचे पडदे, याचा तर मला हेवा होता!  मी थोडी सरकले. ती माझ्या शेजारी दांड्यावर बसली, पदराने नाक पुसलं आणि नवऱ्याला म्हणाली, "अहो, पाना आणा. देव घरात ठेवू."

देव्हारा चौघांनी मिळून खाली उतरवला. देवांना दिवाणखान्यात बसवलं, आणि प्रवासाला कुंकवाच्या डबीएवढा एक गणपती गाडीतल्या डॅशबोर्डवर घेतला. पाण्याचे कॅन ट्रेलरच्या पुढच्या भागात गेले, कढई आणि डबे गाडीच्या डिकीत. पुन्हा काटा लावला. शेहेचाळीस. डॉक्टरांनी दांडा एका हाताने उचलायचा प्रयत्न केला आणि कंबर धरली. "आता जड झाला," ते जरा नाराजीने म्हणाले. मी म्हटलं, "आता बरोबर झाला."

मग मीही गेले. डोकं-बिकं काही दुखत नव्हतं, सगळ्यांना माहीत होतंच. मागच्या सीटवर बसून मी वाटभर मागच्या काचेतून ट्रेलरकडे बघत राहिले. खरं सांगू? मनात कुठेतरी वाटत होतं, एकदा, अगदी थोडासा झुलू दे. ट्रक शेजारून गेले, उतार आला, वळण आलं. हललाच नाही. इतका शहाण्यासारखा चालला की मला त्याचा रागच आला.

कानोत्याला धरणाच्या काठी गाडी थांबली तशी सहलीला आलेली मंडळी जमली. कुणी आत वाकून बघे, कुणी विचारे, "भैया, कितने का बना?" मैत्रिणीने मला पुढे ओढलं आणि सगळ्यांना सांगितलं, "डिझाइन इनका है. फिजिक्स की मैडम हैं." लोकांनी माझ्याकडे आदराने पाहिलं. एका बाईंनी तर माझ्याबरोबर फोटो काढून घेतला. मैत्रीण मनापासून बोलत होती, ते दिसत होतं. मी हसले, पण आतलं दुखणं तसूभर कमी झालं नाही. पुढे कधीतरी रात्री त्या पडद्यांच्या आत ती झोपणार होती.

जेवण झाल्यावर ते दोघं ट्रेलरमध्ये गादी अंथरून बघायला गेले. आम्ही दोघं पाण्याकाठी बसलो होतो. हे म्हणाले, "काय, आता तरी समाधान झालं ना? सगळ्यांना कळलं डिझाइन तुझं आहे ते."

"नाही," मी म्हटलं.

"आता काय राहिलं?"

"मला माझा हवाय."

हे माझ्याकडे बघतच राहिले. "मग इतकी वर्षं कधी बोलली नाहीस?"

"बोलले नाही? अहो, रोज सांगत होते! तुम्ही पेपरातून मान वर काढली असती तर!"

"तू वजनं सांगत होतीस," ते हळूच म्हणाले. "मला वाटायचं, तुला वाचायला आवडतं. हवाय, असं एकदा तरी म्हणालीस का?"

मी आठवून पाहिलं. नव्हते म्हणाले. ट्रेलरचं तर नाहीच. अकरा गावांत कुठल्याच घरी नव्हते म्हणाले, की मला हे हवंय. ट्रक आला की मी पेट्या भरायला लागायचे.

ह्यांनी चष्मा काढला, शर्टाच्या टोकाने पुसला, परत घातला, आणि माझ्याकडे नीट वळून बसले.

"बरं, सांग," ते म्हणाले. "किती किलोचा?"

आणि मला, बाई, पाठ असलेला एकही आकडा आठवेना.