आकडा उतरला तेव्हा

मल्लव्वामावशींनी मला त्या दिवशी अकरा फोन केले. एकही लागला नाही. माझा फोन बंद करून हॉलच्या दाराशी एका प्लॅस्टिकच्या टोपलीत ठेवायला लावला होता. आत ‘कामातून जीवनाचा अर्थ’ नावाचं सक्तीचं वर्कशॉप चाललं होतं आणि आम्ही सगळे डोळे मिटून खोल श्वास घेत होतो.

मी मुरुम गावाच्या बाजूला एका आरोग्य केंद्रात फार्मासिस्ट होतो. लशींचा साठा माझ्या ताब्यात. लशींच्या खास फ्रीजला आम्ही आयएलआर म्हणतो. त्याच्या आतलं तापमान दोन ते आठ अंशांमध्येच राहिलं पाहिजे. लोकांना वाटतं, लस जितकी गार तितकी चांगली. तसं नाही. काही लशी एकदा गोठल्या की बाद. बाटली दिसायला तशीच असते, पण टोचून काही उपयोग नाही.

म्हणून रोज सकाळ-संध्याकाळ थर्मामीटर बघून आकडा रजिस्टरला लिहायचा. कागदावर ते काम माझं. करायच्या मल्लव्वामावशी. त्या आमच्याकडे परिचर, शाळा चौथीपर्यंत, तीही कानडी. मराठी आकडे नोकरीत शिकल्या. सुट्टीच्या दिवशीही येऊन आकडा लिहून जायच्या.

त्या सकाळी त्या म्हणाल्या, “सर, आकडा उतरायलाय. काल पाच होता, आज तीन हाय.”

“दोनच्या वर आहे ना? मग चालतंय. चला, गाडी थांबलीय.”

“मी न्हाय येत. ह्याचं लक्षण मला बरं दिसंना.”

“मावशी, सगळ्यांना कंपल्सरी आहे.”

“असू द्या.”

मी गाडीत बसलो. हे लिहिताना आजही लाज वाटते. तालुक्याच्या साहेबांचा आदेश होता, एक सिस्टर ठेवून बाकी सगळ्यांनी यायचं. मी आदेश पाळला.

दुपारी टोपलीतून फोन घेतला, चालू केला, तर मिस्ड कॉलच्या मेसेजची रांग. परत फोन लावला.

“सर, आकडा दीडवर आला होता. सिस्टर बाळंतपणात अडकलेल्या. म्या सगळी लस पेटीत काढली.”

पेटी म्हणजे कोल्ड बॉक्स. त्यात बर्फाची पाकिटं लावतात. पण डीप फ्रीजरमधून काढून तशीच लावली तर त्याच बर्फानं लस गोठते. पाकिटं आधी बाहेर ठेवून थोडी वितळू द्यावी लागतात. हे मी त्यांना कधी शिकवलंच नव्हतं.

केंद्रावर पोचलो. आयएलआरमध्ये वजा तीन. थर्मोस्टॅट गेला होता. पेटी उघडली. आतल्या थर्मामीटरवर पाच.

“पाकिटं कशी लावली?”

“तुमी लावताना बघितलं की. पाकीट कानाशी धरून हलवायचं. आत पाणी खळखळलं की लावायचं.”

“पण मावशी, तुम्हाला हात लावायची परवानगी नाही. काही चुकलं असतं तर?”

त्या भडकल्याच. “मग काय बघत बसू? उद्या लेकरं येणारेत. त्येंला काय पाणी टोचायचं का?”

दुसऱ्या दिवशी लसीकरण ठरल्याप्रमाणे झालं. ते चालू असतानाच साहेब आले. मला वाटलं, मावशींना शाबासकी देतील. त्यांनी आधी रजिस्टर मागितलं.

“वजा तीन कशाला लिहिलं, बिराजदार? चौकशी लागेल. चार करा.”

“साहेब, होतं ते लिहिलंय.”

“आणि ही बाई वर्कशॉपला गैरहजर. शंभर टक्के हजेरीचा रिपोर्ट होता माझा. नोटीस काढलीय, सही घ्या.”

नोटिशीत लिहिलं होतं, ‘कामाविषयी आस्था दिसून येत नाही.’ माझं डोकं सणकलं. दोन तास आम्हाला सांगत होते की प्रत्येकानं आपल्या कामाचा हेतू शोधावा. तो जिला ठाऊक होता, तिच्याच हातात नोटीस. आणि शोधायला गेलेल्या आम्हां सगळ्यांना सर्टिफिकेट.

मी मावशींना वाक्य वाचून दाखवलं. त्या साहेबांसमोर जाऊन उभ्या राहिल्या.

“आस्था न्हाय म्हंता? इतकी वर्सं झाली, एक दिस आकडा चुकला असला तर दाखवा. न्हाय तर तुमीच येऊन लिवा हितं रोज, दोन टाइम.”

बाहेर ओळीत बसलेल्या बायका वाकून बघायला लागल्या. साहेब म्हणाले, “बिराजदार, समजवा यांना.”

“नाही साहेब,” मी म्हणालो. “बरोबर बोलताहेत त्या. आणि मी आकडा बदलणार नाही.” आवाज माझा इतका चढला की मलाच ओळखू आला नाही.

नोटिशीचं उत्तर मी लिहिलं. सकाळी मावशींनी सांगूनही मी लक्ष दिलं नाही, हेही लिहिलं. रजिस्टरची झेरॉक्स जोडून एक प्रत जिल्ह्याला पाठवली. आठवड्यात मेकॅनिक येऊन थर्मोस्टॅट बदलून गेला. मला लेखी ताकीद मिळाली. ती मला मिळायलाच हवी होती. मावशींची नोटीस मात्र कुणी मागे घेतली नाही आणि पुढंही नेली नाही. त्या रिटायर झाल्या तेव्हाही ती त्यांच्या फायलीत होती.

साहेबांवरचा माझा राग अजून गेलेला नाही. कामाचा अर्थ शोधायला माणसांना कामावरून उठवून न्यायचं असेल, तर तेवढ्या वेळात काम कोण बघणार हे आधी ठरवावं.