हळदीच्या पानातला शिंपी

एकाहत्तरच्या श्रावणात कुंडलच्या घरी आम्ही दोघीच होतो, आई आणि मी, आणि दोघींचाही जीव थाऱ्यावर नव्हता. फौजेतल्या दादाची रजा रद्द झाली होती आणि त्यानंतर त्याचं पत्र नव्हतं. आईनं त्याच्यासाठी लाख वातींचा नेम धरला होता. वळलेल्या वातींच्या शंभराच्या जुड्या बांधून सुपात ठेवायच्या. एकही कमी पडता कामा नये. मागच्या दारी ते सूप राखायचं काम माझं. सतरा वर्षांची मी, एका जागी बसणं म्हणजे मला शिक्षाच.

त्यात परसात तो शिंपी पक्षी. अंगठ्याएवढा, हिरवट, डोक्यावर तांबूस टोपी, शेपूट सदा वर. हळदीच्या वाफ्यातून 'टुविट टुविट' असं ओरडायचा की एवढ्याशा जिवात इतका आवाज मावतो कुठं, असं वाटावं. क्षणभर स्वस्थ नाही. मला त्याचा रागच यायचा. घरात माझी येरझार काय कमी होती!

एके सकाळी सुपाच्या कडेच्या, पंधरवड्यापूर्वीच्या जुड्या सैल दिसल्या. मोजल्या, तर अकरा वाती कमी. शोधता शोधता हळदीच्या एका पानावर पांढरं काहीतरी दिसलं. पानाच्या दोन्ही कडांना चोचीनं भोकं पाडून, त्यातून आमच्याच वातींचा कापूस ओढून, त्या पठ्ठ्यानं पानाचा द्रोण शिवला होता. मी तिरमिरीत तो कापूस ओढला. टाके उसवले, पान उघडलं, आणि आत तीन उघडीनागडी पिल्लं चोची वासून बसलेली. नर-मादी दोघंही डोक्यावर कालवा करू लागली.

आई धावत आली. "काय केलंस गं ह्ये?"

"वाती कमी भरल्या. दादाला काय झालं तर?" मी रडायलाच लागले.

तिनं सुई आणली, मोजलेली एक जुडी सोडली, वातीला पीळ देऊन दोरा केला आणि पान टाक्याटाक्यानं मिटवलं. मग आम्ही दाराच्या आत येऊन बसलो. चोचीत अळी धरून पाखरं या दांड्यावरून त्या दांड्यावर उड्या मारत होती, पण पानाजवळ येईनात. दुपार टळली. आई जेवली नाही. मी उठले की हात धरून मला खाली बसवायची.

शेवटी एक पाखरू पानात शिरलं आणि रिकाम्या चोचीनं बाहेर आलं.

"आई, भरवलं गं!" मी म्हणाले.

आईनं मान हलवली. पदराचा बोळा तोंडाशी धरला आणि म्हणाली, "आपला कुठं असंल गं?"

इतक्या दिवसांत हे तिनं पहिल्यांदाच विचारलं होतं.