एका पेटीतले तीन बेडूक

वाशीत आम्ही राहायला आलो तेव्हा सोसायटीभोवती इमारतींपेक्षा डबकी जास्त होती. मी अकरा वर्षांची. बाबांनी तुर्भ्याच्या भंगारातून काचा आणून मला मोठी पेटी करून दिली. तिच्यात वीतभर माती, पाण्याची थाळी, वर जाळी, आणि तीन जातींचे तीन बेडूक. थोरला हिरवट, माझ्या दोन्ही हातांत न मावणारा. मधला सडपातळ, काचेला चिकटून बसणारा. धाकटा लाडवासारखा गोल. तो माझा जीव की प्राण.

"मोठा लहानाला खाणार, बघ," शेजारच्या काकू म्हणायच्या.

"माझ्याकडे नाही खात!" मी ठसक्यात सांगायचे.

दिवाळीच्या सुट्टीत धाकटा गायब झाला. जाळी जागच्या जागी. थोरल्याचं पोट मात्र टम्म. झालं! माझा राग आधी, विचार मागून.

"खाताना पाहिलंस का त्याला?" आईने विचारलं. मी ऐकतेय कुठली! थोरल्याला पिशवीत घातलं आणि समोरच्या प्लॉटमधल्या डबक्यात सोडून आले. वर "खुनी" म्हणून ओरडलेसुद्धा. पुढे मधलाही निसटला आणि पेटी तशीच पडून राहिली.

चैत्रात आईला मोगऱ्यासाठी ती माती हवी होती. माती दगड झाली होती, म्हणून तिने वर बादलीभर पाणी ओतलं. थोड्या वेळाने एका जागी माती हलली. फुगली. चिखलातून दोन डोळे वर आले, मागोमाग ते गोल अंग.

धाकटा!

पाच महिने अन्न नाही, पाणी नाही, आणि हा आमच्याच गॅलरीत मातीखाली जिवंत बसून होता. त्याचा गळा भराभर हलत होता. आईने बादली खाली ठेवली आणि देवासमोर घ्यावा तसा डोक्यावर पदर घेतला. "बाई गं," एवढंच म्हणाली. त्याने आमच्याकडे पाहिलं आणि मागच्या पायांनी माती उकरत, उलटा उलटा, पुन्हा आत जाऊ लागला.

मग मला थोरला आठवला.

मी अनवाणी धावत सुटले. डबकं नव्हतंच. हिवाळाभर तिथे मुरमाचे ट्रक रिकामे होताना मी गॅलरीतून पाहिले होते. आता पहिल्या मजल्याचा स्लॅब टाकून झाला होता.

मी घरून बादली आणली. भिंतीच्या कडेला मुरमावर पाणी ओतलं आणि उकिडवी बसून वाट पाहू लागले. आईने हाक मारेपर्यंत तीन बादल्या झाल्या होत्या.