बिन कार्डावरचा बादशहा

"बादशहा अजून जिवंत आहे," असं म्हणून चाचा बसच्या सीटवरून उठायचे. सौदीतल्या रास अल खैरच्या कारखान्याच्या गेटाशी बस थांबली की त्या दिवसापुरती गोष्ट संपायची. मग ओळखपत्र काढून आम्ही मुकाट्याने रांगेत उभे राहायचो.

चाचा आमचे स्टोअरकीपर, मूळचे दापोलीकडचे. कॅम्पपासून कारखान्यापर्यंत तासभराचा रस्ता. बाहेर नुसती वाळू, आत पेंगणारी माणसं. तुम्ही अशी नोकरी केली असेल तर ठाऊक असेल, त्या तासात बोलायचासुद्धा कंटाळा येतो. चाचांना मात्र जर्मनीच्या आठशे वर्षांपूर्वीच्या एका बादशहाचं, दुसऱ्या फ्रेडरिकचं, वेड होतं. कुणी जर्मन इंजिनिअर जाताना त्याच्यावरचं जाडजूड इंग्रजी पुस्तक स्टोअरमध्ये टाकून गेला होता. चाचांनी ते डिक्शनरी घेऊन तीन वर्षं वाचलं.

"आईबाप लहानपणीच गेलेले, वाढला इटलीत. पण गडी अरबी बोलायचा," चाचा सांगायचे. "फौज घेऊन गेला आणि सुलतानाशी नुसती बोलणी करून जेरुसलेम मिळवलं. एक लढाई नाय."

"मग लोकांनी डोक्यावर घेतलं असेल?"

"कसलं? परत निघाला तेव्हा त्याच्याच धर्माच्या लोकांनी खाटकाच्या दुकानातली आतडी फेकून मारली." चाचा सुस्कारा सोडायचे. "काम नीट केलं की असंच होतं, भाऊ."

त्यांना खरी हळहळ होती ती फ्रेडरिकच्या आजोबाची. तोही बादशहा. जेरुसलेमला निघाला आणि वाटेतच नदीत बुडून मेला. "ना पोचला, ना परतला," एवढं बोलून चाचा खिडकीबाहेर बघत बसायचे. त्यांच्या खोलीतले एक रायगडकडचे गृहस्थ कॅम्पातच वारले होते. त्यांची शवपेटी घरी जायला सव्वा महिना लागला, आणि त्या कागदांमागे चाचाच धावले होते. म्हणून पुस्तकाचं शेवटचं प्रकरण त्यांनी वाचलंच नव्हतं.

"हा पण वाटेतच मेला असेल तर? घरी गेल्यावर वाचीन," म्हणायचे.

मग परदेशी माणसांच्या जागी सौदी माणसं घ्यायची, त्या सौदीकरणाची यादी लागली आणि तिच्यात स्टोअरकीपरची जागा निघाली. नव्या माणसाला शिकवायला चाचांना दोन महिने मिळाले. माणूस भला होता, पोराबाळांचा, चाचांना 'या अम्म', म्हणजे काका, म्हणणारा. चाचा त्याला एकेक खण समजावून द्यायचे, आणि ते बघून माझाच संताप व्हायचा.

"थोडं हातचं राखा की," मी एकदा म्हणालो.

"आणि उद्या व्हॉल्व सापडला नाय, तर प्लँट बंद पडेल तो कुणाचा?"

शेवटच्या आठवड्यात मोजदाद झाली. आमच्याकडे प्रत्येक खणाला एक बिन कार्ड, त्यावर वस्तूचं नाव आणि शिल्लक. शेवटच्या कपाटात ते पुस्तक निघालं, आणि त्याच्यावरही कार्ड! पुस्तक आल्या दिवशीच चाचांनी ते बनवलं होतं: 'पुस्तक, एक नग.' कार्डाशिवाय त्यांच्या स्टोअरमध्ये काही राहूच शकत नव्हतं.

नवा माणूस हसला. पुस्तक त्यांच्या हातात देत म्हणाला, "घेऊन जा, या अम्म. खलास."

चाचांनी ते थोडा वेळ हातात धरलं. मग खणात ठेवलं. "कार्डावर एक आहे. खणात एक पाहिजे."

"कार्ड फाडून टाका ना, चाचा," मी कुजबुजलो. त्यांनी माझ्याकडे अशी नजर टाकली की मला शरम वाटली. सत्तावीस वर्षांत त्यांनी एक नटसुद्धा गेटाबाहेर नेला नव्हता. कार्डावर खूण करून त्यांनी सही केली आणि दोन दिवसांनी रिकाम्या हातांनी गावी गेले.

मी रीतसर चिठ्ठी भरून पुस्तक काढलं आणि शेवटचं प्रकरण वाचलं. बादशहा मेल्याचं त्यांना कळवायचा धीर काही झाला नाही. चार महिन्यांनी, जुम्याच्या सुट्टीत दुपारी, त्यांचाच फोन आला.

"भाऊ, तू वाचलंच असशील. आता सांग, बादशहा कसा मेला?"

"आजारी पडून. अंगावर साधूचा झगा होता म्हणतात."

"कुठं?"

"इटलीत, एका लहानशा गढीत. त्याचा सगळ्यात आवडता मुलूख होता तो."

"वाटेत नाय ना?"

"नाही चाचा. घरीच म्हणायचं."

मागून चाची त्यांना जेवायला हाक मारत होत्या.

"मग बरं झालं," चाचा म्हणाले. "पुस्तक जागेवर ठेव हां."

मी ठेवलं. बसमध्ये आता कुणी बोलत नाही.