अकरा जणींचा एकच ईमेल

आमच्या आरतीबाईंचा राग नाकाच्या शेंड्यावर. वारूळवाडीच्या केंद्रात त्या आम्हां अठरा जणींना बालवाडी शिक्षिकेचा कोर्स शिकवायच्या. "समजलं का?" असं त्यांनी कधी विचारलं नाही. विचारलं तर आम्ही माना डोलावणार, हे त्यांना पक्कं ठाऊक. म्हणून २००८ साली केंद्रात इंटरनेट आलं, तशा त्या प्रत्येक धड्यावर कॉम्प्युटरवर प्रश्न तयार करू लागल्या, एका बोटानं टाईप करत. 'मूल जेवत नसेल तर काय कराल?' खाली चार उत्तरं. त्यातलं एक आमच्या घरात रोज चालणारं आणि हमखास चुकीचं. बाई मोठ्या बेरकी.

सहामाही परीक्षेला मात्र पुण्याच्या ऑफिसानं अट घातली. ठरल्या दिवशी संध्याकाळी पाचपर्यंत निदान पंधरा जणींचे निकाल कॉम्प्युटरवर दिसले नाहीत, तर केंद्र बंद आणि उरलेला कोर्स पुण्यात. आमच्यातल्या एकीलाही घरचे पुण्याला धाडणार नव्हते. बाईंची नोकरी जाणार ती वेगळीच.

कॉम्प्युटर चार. आम्ही आळीपाळीनं बसलो आणि बारापर्यंत उरकलं. बाईंनी निकाल उघडला नि त्यांचा चेहराच उतरला. आठच नावं!

"शेवटचं बटण दाबलंच नाहीत ना? शंभरदा सांगितलं होतं!"

मी दाबलं होतं. पण बाई चिडल्या की बोलायची सोय नसे.

मग बाईंनी ईमेलचा, या परीक्षेलाच पहिल्यांदा आलेला रकाना पाहिला. पिंपरी पेंढारच्या आम्ही अकरा जणींनी एकच ईमेल भरला होता, गावातले किराणा दुकानदार धरमचंदशेठ यांच्या मुलाचा, पीयूषचा. कॉम्प्युटरला वाटलं, एकच माणूस अकरा वेळा परीक्षा देतोय. त्यानं शेवटचा निकाल ठेवला, बाकीचे पुसून टाकले.

"आमाला कुठला ईमेल, बाई?" आमच्यात सगळ्यांत थोरल्या कुशाबाई म्हणाल्या. "फोनचा पीपी नंबर बी आमी शेटजींचाच देतो की. फोन आला की ते हाक मारत्यात."

बाईंनी कपाळाला हात लावला. "वीस प्रश्न काढले मी. ईमेल कुणाचा, एवढं विचारायचं राहिलं. चूक माझी."

हे त्यांच्या तोंडून ऐकायला मिळेल असं मला जन्मात वाटलं नव्हतं.

जेवण राहिलं बाजूला. बाईंनी अकरा नवे ईमेल उघडून दिले, पासवर्ड चिठ्ठीवर लिहून दिले, प्रश्नांचा क्रम बदलला आणि आम्हाला पुन्हा बसवलं. वीज जाऊ नये म्हणून मी मनातल्या मनात देवाला नारळ बोलले. साडेचारला अठरा नावं दिसली. अठराही पास.

बाईंनी पुण्याला फोन लावला. "केंद्र चालू ठेवायचं ना?" असं दोनदा विचारून घेतलं, फोन ठेवला आणि खुर्चीत बसून ढसाढसा रडल्या. माझा जीव भांड्यात पडला. मला हसू येत होतं आणि रडूही.

कुशाबाई तेवढ्या पडद्यासमोरून हलेनात.

"अहो, पास झालात. बारा बरोबर आहेत," बाई डोळे पुसत म्हणाल्या.

"आन् ह्या आठ चुका? माज्याच ना? दुसऱ्या कुनाच्या न्हाईत?"

"तुमच्याच."

"मंग उद्या त्या समजावून सांगा. आता चालू ऱ्हानार हाय न्हवं केंद्र?"