हंगामाच्या गोळ्या

"तोंड उघड," कंपाउंडर म्हणला. आईनं उघडलं. त्यानं टेबलावरची लाकडी पट्टी तिच्या तोंडात घातली आन जीभ वर उचलून बघितलं. बाजारात बैलाचे दात बघतात तसं. पट्टी हिरडीत घुसली. रक्त आलं. मागं रांगेत अर्धं गाव उभं.

"ही माणसं गोळ्या गिळत न्हाईत, बाहेर जाऊन थुकतात. फुकट मिळतंय ना! लई माजलेत हे लोक."

आईला टीबी होता. आमी ऊसतोडीवाले, बौद्धवाड्यातले. त्या साली दुष्काळ असा की दवाखान्याच्या टाकीतबी पाणी न्हाई. आत माठ होता, पण आमी त्याला शिवायचं न्हाई. गोळी गिळायला आई घरून बाटली न्यायची.

आन ती थुकत नव्हती. मागल्या हंगामाला जाताना ह्यानंच तिला पंधरा दिवसांच्या गोळ्या दिलत्या. हंगाम सहा म्हयन्यांचा. मग काय करावं तिनं? कोयत्यानं एकेक गोळी कापायची. अर्धी आज, अर्धी उद्या. तरी म्हयन्याभरात संपल्या. गोळी धरायचे मी. मला तवा लई शहाणपणाचं वाटलं. अर्ध्या गोळीनं रोग मरत न्हाई, उलटा पक्का होतो, हे मोठ्या डॉक्टरनं सांगितलं ते आई गेल्यावर. ह्या बोटांनी धरलती मी ती गोळी. आजबी जीव जळतो.

बाहेर कारखान्याचा ट्रक उभा. मुकादम हॉर्नवर हॉर्न देत होता. कंपाउंडरनं पुन्हा पंधराच गोळ्या काढल्या. हातात न्हाई दिल्या, खाली फेकल्या. "उचल."

आई वाकली. मी तिचा दंड धरला. "आई, उचलू नको."

दारावर एक कागद होता. राज्यानं कायदा केलता. कामाला परगावी जाणाऱ्या आजाऱ्याला पुऱ्या हंगामाचं औषध एकदम द्यायचं. औषधात खंड पडला न्हाई तर सरकारचाच खर्च वाचतो, असंबी लिहिलं होतं. ह्यानंच तो खळ लावून चिकटवलता. मी दहावी झालेली. मोठ्यानं वाचून काढला.

त्यानं कानफटात मारली. "मला कायदा शिकवती व्हय गं?"

डोळ्यापुढं काजवे चमकले. मी ती रक्ताची पट्टी उचलली आन त्याच्या मनगटावर हाणली. परत हाणली. पट्टी मोडस्तोवर हाणली. "कपाट उघड," मी म्हणलं. उघडलं त्यानं. खोकीच्या खोकी गोळ्या, वर धूळ बसलेली.

आई वाचली न्हाई. उसाच्या फडातच गेली. कपाटातनं घेतलेल्या पुऱ्या हंगामाच्या गोळ्या उशाला होत्या, पण लई उशीर झालता.

आता दर हंगामाला टोळी निघायच्या दिवशी मी दवाखान्यात असते. समद्या आजाऱ्यांच्या हातात सहा म्हयन्यांचं औषध पडल्याबिगर ट्रक हलू देत न्हाई, चाकापुढं बसते. कुणी कुण्या बाईला "तोंड उघड" म्हणलं, की मी म्हणते, आधी कपाट उघड. माझ्या पिशवीत पट्टी हाय. लोखंडाची.